पुस्तक उघडे, पण गिऱ्हाईक कोण?

(नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नेसरीला आलो की आधी खिंडीत जाऊन प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला नमस्कार करायचा आणि मग बैठकीला यायचे, अशी माझी सवय आहे. आजही तसेच केले. त्यात अर्धा तास उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतो. वर्गणी, सभासद यादी, पुढचा मेळावा हे विषय दुपारी घेऊ. सकाळचा वेळ इथल्या कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी मागून घेतला आहे. सातच जण आहेत. नेसरीत सात हा आकडा कुणी कमी समजत नाही.

ही मुले घरची शेती सांभाळून बाहेरून व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करतात. पुढच्या महिन्यात त्यांचा टार्गेट मार्केटिंगचा पेपर आहे आणि तो पुस्तक उघडे ठेवून लिहायचा आहे. आत येताना एका आजोबांनी मला दारातच गाठले. म्हणाले, "पुस्तक बघून लिवायचं म्हंजे कॉपीच की ही! ह्येला अभ्यास कशाला लागतोय?" आजोबा, तुम्ही मागे बसला आहात ते मला दिसते आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच मी उभा राहिलो आहे.

एक खुलासा आधी करतो. नेसरीचा भाग भाताचा आणि उसाचा, पलीकडे आजरा-चंदगडकडे काजूचा. पण हे भाषण आपल्या पत्रकात छापले जाणार, आणि पत्रक वाचणारे बहुतेक कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी पिकवणारे. शिवाय माझी स्वतःची चूक ज्वारीतलीच आहे. म्हणून उदाहरणे मी तिकडची घेईन. नेसरीकरांनी ज्वारीच्या जागी आपला भात घालून ऐकावे.

बेचाळीस क्विंटल शाळू

मी कृषी पदवीधर. एकरी उत्पादन कसे वाढवायचे हे आम्हाला वर्षानुवर्षे शिकवले. विकायचे कुणाला, हे एका बारक्या पेपरात उरकले. संघटनेच्या कामात पडलो तेव्हा मला वाटायचे की व्यापारी जे करतो ते आपण केले की झाले. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कोरडवाहू गावातल्या १९ घरांना मी भरीला घातले. त्यांची ४२ क्विंटल शाळू एकत्र केली, चाळली, निवडली, एक आणि पाच किलोच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरली. पिशवीवर बैलजोडीचे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत छापले, 'सर्वांसाठी उत्तम ज्वारी'. शहरातल्या किराणा दुकानांतून माल उधारीवर ठेवला.

झाले काय ते ऐका. ज्या घरात रोज भाकरी होते, त्या घरची बाई ज्वारी एक किलो घेत नाही. ती सुगीला पोते-अर्धे पोते घेते, तेही मूठभर दाणे तळहातावर चोळून, एखादा दाताखाली फोडून. आमची पिशवी शिवलेली, दाणा हाताला लागत नाही. तिने पिशवी उचलली आणि परत ठेवली. ज्या घरात भाकरी पंधरवड्यातून एकदा होते, त्यांना किलोभर पिशवी चालली असती. पण किलोभर ज्वारी घेऊन गिरणीत कोण जाणार? त्यांना पीठ हवे होते. म्हणजे माल एकीच्या सोयीचा नाही आणि दुसरीच्याही नाही. पावसाळा लागला, पिशव्यांत सोंडे झाले, दुकानदारांनी माल परत केला. शेवटी पिशव्या फोडून मोकळी ज्वारी विकली. खळ्यावरून विकली असती त्यापेक्षा क्विंटलमागे ४०० रुपये कमी हाती आले. ४२ क्विंटलचे झाले १६,८०० रुपये, पिशव्यांचा आणि छपाईचा खर्च वेगळा. त्यांतल्या एका बाईने त्या पैशांतून मुलीची फी भरायचे ठरवले होते. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते अजून टोचते.

त्यानंतर मी चाळिशीत असाच एक अभ्यासक्रम घेतला. याच विषयाचा पेपर आणि असेच उघडे पुस्तक. मी खूश. चौदा पाने लिहिली. बाजाराचे भाग वयावरून कसे पाडतात, कमाईवरून कसे, भागावरून कसे, आवडीनिवडीवरून कसे, सगळे पुस्तकातून सुंदर अक्षरात उतरवले. ४० पैकी ११ गुण पडले. उत्तरपत्रिका मागवून पाहिली तर तपासणाऱ्याने समासात दोनच शब्द लिहिले होते, 'गिऱ्हाईक कोण?'

घरी येताना एस.टी.त माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिशवीवर 'सर्वांसाठी' छापले आणि पेपरातही सर्वांसाठीच लिहिले. चूक एकच होती. फक्त पहिल्या वेळी तिचे पैसे दुसऱ्यांनी भरले.

विषय काय आहे

टार्गेट मार्केटिंगला पुस्तकात 'लक्ष्य विपणन' असे भारदस्त नाव दिलेले असते. त्याला घाबरू नका. बाजारात सगळी माणसे सारखी नसतात, त्यांचे गट पाडा. त्यांतला एक गट धरा. आणि त्या गटाच्या मनात आपल्या मालाची एक जागा करा. एवढ्या तीन पायऱ्या. वेंडेल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १९५६ साली बाजाराचे भाग पाडण्यावर लेख लिहिला, १९६७ साली फिलिप कोटलरचे जाडजूड पुस्तक आले, आणि तेव्हापासून जगभरची मुले हे पाठ करतात.

पण करणाऱ्यांनी ते पुस्तक न वाचताही केले आहे. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. ज्या घराला सर्फ परवडत नव्हती तेवढेच घर त्यांनी धरले. सर्फवाल्यांच्या गिऱ्हाइकाकडे ते गेलेच नाहीत. ती निरमा. पुढे मोठ्या कंपनीला तिच्याशी झुंजायला व्हील नावाची वेगळी पावडर काढावी लागली. तुमच्या जिल्ह्यातलेच बघा. १९६३ साली निघालेला गोकुळ दूध संघ मुंबईत म्हशीचे दाट दूध विकतो, कारण तिथल्या ज्या घरांना चहाला आणि सायीला घट्टच दूध लागते ती घरे त्याने हेरली. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानला एका बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर मिरवली तेव्हा आपण सगळे चिडलो, आणि चिडणे बरोबरच होते. पण चिडून झाल्यावर हेही बघा की घाट तोच होता, फक्त समोरचे गिऱ्हाईक बदलले होते.

आता ज्वारी. आपण म्हणतो, ज्वारी म्हणजे ज्वारी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मात्र गिऱ्हाइके वेगळी काढून वाण दिले आहेत. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी. भाकरीसाठी आपली जुनी मालदांडी आहेच, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडली की माणसाच्या ताटात जात नाही, ती कोंबडीखाद्याला आणि दारूच्या कारखान्याला जाते, तेही गिऱ्हाईकच. आणि कडब्याचे गिऱ्हाईक तर दाण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळे. कित्येक वर्षी दाण्यापेक्षा कडब्यानेच घर तारले, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. एका ताटाला इतकी गिऱ्हाइके, आणि आपण पेरताना एकाचाही विचार करत नाही. हुरड्याची शाळू पेरायची तर रस्त्याजवळच्या रानात, आणि एकदम न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने. कारण दाणा हुरड्यात राहतो तो थोडेच दिवस. म्हणजे गिऱ्हाईक पाभर धरायच्या आधी ठरते. खळे झाल्यावर ठरवायला बसाल तर अडत्या सांगेल तेच गिऱ्हाईक.

तुमच्या शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही २०१६ सालीच मानांकन मिळाले. तो पिकतो कमी, पण वास घेऊन घेणारा माणूस त्याला जास्त पैसे देतो. तो माणूस सांभाळायचा तर पोत्यात दुसऱ्या तांदळाची एक मूठही मिसळून चालणार नाही.

कापूसवाल्यांना हे ऐकून हसू येईल. ते म्हणतील, आम्हाला कुठले आले गिऱ्हाईक निवडणे? त्यांचे खोटे नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती. कायद्यानेच गिऱ्हाईक एक. जिथे गिऱ्हाईक एकच, तिथे या विषयाचे पुस्तक पहिल्या पानावरच संपते. तो एकाधिकार गेला, पण सवय राहिली. अजून आपल्याला वाटते की कापूस घेणारा म्हणजे जिनिंगवाला किंवा खेडा खरेदीवाला. तो मधला माणूस. खरे गिऱ्हाईक सूतगिरणी. तिला धाग्याची लांबी हवी, ताकद हवी, तलमपणा हवा, आणि कचरा नको. हिशेब सोपा आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ. त्या गाठीत युरियाच्या पोत्याचे चार धागे गेले तर ते सुतात जातात, सुतातून कापडात जातात, आणि त्या धाग्यांना रंग चढत नाही. अख्ख्या ताग्यावर ठिपके. म्हणून जिला निर्यातीचे सूत काढायचे आहे ती गिरणी आपला कापूस घ्यायला भीत भीत घेते आणि ती भीती भावातून कापून घेते. वेचायला सुती ओटी, पहिली वेचणी वेगळी, कवडी आणि फरदड वेगळी, सकाळचे दव उडाल्यावरच वेचणी. यात एक रुपयाचे खत नाही की औषध नाही. कापूस महामंडळसुद्धा पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच देते, आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत पाठवते. देशी कापसाचे गिऱ्हाईक आणखी निराळे. त्याचा धागा आखूड आणि जाड, पण पाणी चांगले शोषतो, म्हणून दवाखान्याच्या कापसाला तो चालतो. मात्र एकट्याने पाच क्विंटल घेऊन गिरणीच्या दारात उभे राहण्यात अर्थ नाही. गिरणीला एकसारख्या शंभर गाठी लागतात. गावाने एकच वाण लावला आणि एकत्र जिनिंग केले तर बोलणी होऊ शकतात.

पेपर कसा लिहायचा

आता मुलांकडे वळतो. २०२० साली कोरोनात दिल्ली विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा पुस्तक उघडून, घरूनच घेतली होती, म्हणजे ही पद्धत काही नेसरीवर टाकलेली नवी आफत नाही. अशा पेपरात पुस्तकात काय आहे हे विचारतच नाहीत. एक गोष्ट सांगतात, चार आकडे देतात आणि विचारतात, तुम्ही काय कराल? ते उत्तर पुस्तकात नसते. म्हणून पुस्तक उघडे ठेवायला त्यांची हरकत नसते. आजोबा, हे तुमच्यासाठी होते.

पुस्तक आधी दोनदा वाचा. मग एका कोऱ्या कागदावर स्वतःची अनुक्रमणिका करा, आणि धड्यांची नावे न लिहिता प्रश्न लिहा. गट कशावरून पाडायचे, पान अमुक. गट धरण्यासारखा आहे की नाही हे कसे तपासायचे, पान अमुक. एकाच गटाला धरणे कधी धोक्याचे, पान अमुक. त्या त्या पानाला रंगीत कागदाची चिठ्ठी चिकटवा. हा कागद आणि तुमची वही आत नेता येते का, हे केंद्रावर आधीच विचारून घ्या, नियम सगळीकडे सारखा नसतो. तीन तासांत चार प्रश्न असतील तर पहिली २० मिनिटे नुसता पेपर वाचा. उरलेल्या १६० मिनिटांचे प्रश्नाला ४० पडतात. त्यांतली पाचच पुस्तकाला द्या. पुस्तकात डोके घालून बसलेला मुलगा नापास होतो. मी त्याला जवळून ओळखतो.

उत्तराचे पहिले वाक्य 'आमचे गिऱ्हाईक अमुक' हेच असले पाहिजे. दुसऱ्या वाक्यात कुणाला सोडले ते लिहा. हे दुसरे वाक्य लिहिताना हात अडखळतो. शेतकऱ्याच्या घरात दारी आलेल्याला परत पाठवायची रीत नाही, म्हणून 'हे गिऱ्हाईक आम्ही सोडतो' असे लिहायला जीव होत नाही. लिहा. मग कारणे द्या. तो गट पुरेसा मोठा आहे का, मोजता येतो का, तिथे आपण पोचतो का, त्याची गरज इतरांपेक्षा खरोखर वेगळी आहे का, आणि ती भागवणे आपल्या आवाक्यात आहे का.

माझ्याच ४२ क्विंटलवर करून दाखवतो. समजा रोज भाकरी करणाऱ्या चार माणसांच्या घराला महिन्याला १० किलो ज्वारी लागते. वर्षाची झाली १२० किलो. माझ्याकडे होती ४,२०० किलो. भागा.

(सभेतून एक मुलगी: "पस्तीस!")

पस्तीस घरे. मला फक्त ३५ घरे हवी होती, आणि मी अख्ख्या शहराला विकायला निघालो होतो. पस्तीस घरांसाठी बैलजोडीचे चित्र लागत नाही, दुकान लागत नाही, उधारी लागत नाही. त्या १९ घरांपैकी प्रत्येकाची मुलगी, बहीण, भाऊ कुणी ना कुणी त्या शहरात होते. घरटी दोन गिऱ्हाइके म्हटली तरी ३८ झाली असती. सुगीला पोत्याने माल पोचवायचा, दाणा चोळून बघू द्यायचा, रोख पैसे घ्यायचे. पावसाळ्याच्या आत माल संपला असता, सोंड्यांचा प्रश्नच नव्हता. पंधरवड्याला एकदा भाकरी खाणाऱ्यांना त्या वर्षी सोडून द्यायचे होते. त्यांच्यासाठी पीठ दळायची सोय झाली की मग बघता आले असते. दुसऱ्या वेळी मी पेपरात जवळपास हेच लिहिले. अडीच पाने झाली आणि पास झालो.

या सात जणांतली जी मुलगी आत्ता 'पस्तीस' म्हणाली, तिच्या गावच्या उत्पादक कंपनीने ठरवले आहे की ती पास झाली तर भात विकायचे काम तिच्याकडे द्यायचे, नाही तर बाहेरून पगारी माणूस आणायचा. कंपनीच्या संचालकांपैकी दोघे इथे बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की तिला निकालाआधीच ५० घरांची यादी करायला सांगा. ती यादी हाच तिचा खरा अभ्यास होईल.

(यानंतर सभेतल्या एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आम्ही गिऱ्हाईक शोधायचं आणि सरकारनं दारच बंद केलं, तर वो?")

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला बगल देणारी पुस्तके मला आवडत नाहीत. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ पर्यंत. ज्याने परदेशातले गिऱ्हाईक दहा वर्षे खपून बांधले, त्याचे ते गिऱ्हाईक पाच महिन्यांत दुसऱ्या देशाकडे गेले. द्राक्षवाल्यांनी १९९१ साली महाग्रेप्स काढून युरोपचे गिऱ्हाईक धरले. २०१० साली एका संजीवकाचा अंश मण्यांत सापडला आणि माल तिथे अडकला. पहिल्या वेळी दार आपल्याच सरकारने लावले, दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाने. म्हणून पेपरात शेवटी एक परिच्छेद हाही लिहा की हे गिऱ्हाईक कशाने हातचे जाऊ शकते आणि गेले तर दुसरे कोण. तपासणारा त्याला गुण देईल. पण आपले दार आपलेच सरकार लावते तेव्हा मार्केटिंगचे पुस्तक उपयोगी पडत नाही, आणि 'तुम्हाला विकता येत नाही' असे आपल्यालाच वर सुनावणाऱ्याला जाब विचारावा लागतो. तो विषय दुपारच्या पत्रिकेवर आहे. या पेपरात मात्र तेवढेच रडगाणे लिहून आलात तर ४० पैकी ११ पडतील.

आता चहा घ्या. मग मुलांनी शाळेच्या पहिल्या खोलीत बसावे, पुस्तके बरोबर आणावीत. मी फळ्यावर प्रश्न लिहून ठेवतो: 'एका गावाकडे ६० क्विंटल घनसाळ तांदूळ आहे. साठवायला जागा ३० क्विंटलची आहे. गाडी एकच आहे. गिऱ्हाईक कोण?' वेळ चाळीस मिनिटे. आजोबा, तुम्हीही या, तुमच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली आहे.